लांब नळी, ५२५ पट आणि खरी दुर्बीण

‘नळी जितकी लांब, तितकी दुर्बीण ताकदवान. त्यातून खोक्यावर ५२५ पट लिहिलं असेल तर डोळे झाकून घ्या.’ मुलांसाठी पहिली दुर्बीण घेऊ पाहणाऱ्यांना हा सल्ला सर्रास पाठवला जातो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी मुलांचा आकाशातला रस पहिल्याच रात्री आटतो.

आधी लांबीचं बघू. भिंगांच्या दुर्बिणीत पुढच्या मोठ्या भिंगाच्या, म्हणजे वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला (दूरची प्रतिमा स्पष्ट उमटते तिथपर्यंतचं भिंगापासूनचं अंतर) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या नाभीय अंतरानं भागलं की विवर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते मिळतं. दोन्ही भिंगं बहिर्वक्र असतील तर त्यांच्यातलं अंतर म्हणजे या दोन आकड्यांची बेरीज. वस्तुभिंगाचं नाभीय अंतर ७०० मिमी आणि नेत्रिकेचं २० मिमी असेल, तर विवर्धन ३५ पट, अंतर ७२० मिमी. आता १० मिमीची नेत्रिका लावा. विवर्धन ७० पट झालं आणि अंतर उलट घटून ७१० मिमीवर आलं! गॅलिलिओसारखी २० मिमीची अंतर्वक्र नेत्रिका लावली, तर बेरजेऐवजी वजाबाकी होते: तेच ३५ पट, पण ६८० मिमीत. सल्ल्यात खरं आहे ते एवढंच, की नेत्रिका तीच ठेवली तर लांब नाभीय अंतराचं वस्तुभिंग जास्त मोठं दाखवतं.

‘मग जुन्या खगोलज्ञांनी अवाढव्य दुर्बिणी का बांधल्या?’ खगोलज्ञ हेवेलियसनं १७व्या शतकात डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) सुमारे ४५ मीटर लांबीची उभारली होती. त्यामागचं मुख्य कारण रंग. एकेरी भिंग लाल आणि निळा प्रकाश एकाच जागी आणत नाही, त्यामुळे ताऱ्याभोवती रंगीत कडा दिसतात. भिंगाची वक्रता कमी, म्हणजे नाभीय अंतर मोठं ठेवलं, की हा दोष कमी जाणवतो. १७५८ मध्ये इंग्लंडच्या भिंगकार डॉलंडनं दोन प्रकारच्या काचांच्या जोडभिंगाचं पेटंट घेतलं आणि नळ्या आखूड करता आल्या.

राहिले ५२५ पट. ७०० ला ४ मिमीच्या नेत्रिकेनं भागून १७५, त्याला तिप्पट करणारं बार्लो भिंग (नेत्रिकेपुढे लावायचं जादा भिंग). गणित बरोबर आहे, चित्र मात्र नाही. ६० मिमी व्यासाचं वस्तुभिंग ठरावीकच प्रकाश गोळा करतं. १०५ पटींवरून ५२५ वर गेलात, तर ग्रहाचं बिंब २५ पट अंधूक होतं आणि नवा तपशील काहीच दिसत नाही. शिवाय हलक्या स्टँडवर ते क्षणभरही स्थिर राहत नाही. व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे इथे १२० पटींच्या आसपास मर्यादा धरा. शनीची कडी ७० पटींना छान दिसतात.

दुकानात पटींचा आकडा सोडून आधी वस्तुभिंगाचा व्यास, मग नाभीय अंतर आणि स्टँडची मजबुती विचारा.