त्या ऑनलाइन पोलमध्ये माझी मावशी नव्हती

परवा सोलापूरजवळ कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, मावशीकडे गेले होते. मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "यंदा मताला जात नाही मी. निकाल लागलाय की. नातवानं वाचून दाखवलं." नातवाचा फोन घेऊन बघितला तर तोच मेसेज, जो आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय. तेव्हा मी काही बोलले नाही, ते चुकलंच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. टीव्हीवरचे सर्व्हे पैसे घेऊन केलेले असतात. दोन हजार लोकांना विचारून कोट्यवधींचं मन कसं कळणार? तुम्हाला कधी कोणी विचारलं का? 2024 मध्ये सगळे तोंडावर आपटले. लोक सर्व्हेवाल्याशी खोटं बोलतात, ऑनलाइन मात्र मनातलं बोलतात. म्हणून सोबतच्या ऑनलाइन पोलमध्ये पडलेली हजारो मतं हाच जनतेचा कौल, आणि सर्व्हे त्याच्याशी जुळत नसेल तर सर्व्हे खोटा. शेवटची ओळ: निकाल ठरलाय, उगाच उन्हात रांगेत उभं राहू नका.

"मला कोणी विचारलं नाही" हे आधी संपवू. 2024 च्या लोकसभेला देशात जवळपास 97 कोटी मतदार होते. 20 हजार माणसांचा सर्व्हे केला तरी 48 हजारांत एखाद्यालाच विचारलं जातं. तुमचा नंबर लागला नाही, यात संशय घेण्यासारखं काही नाही.

दोन हजारांत काय कळतं? मार्केट यार्डात कांदा विकलेल्या कोणालाही विचारा. व्यापारी वक्कलातली, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालातली, प्रत्येक गोणी उपसत नाही. मनाला येईल ती गोणी ओतायला लावतो, माल बघतो आणि भाव बोलतो. पण कोणती गोणी ओतायची हे शेतकऱ्यानं ठरवलं तर? तोंडाला रचलेला मोठा, सुका कांदा बघून अख्खं वक्कल घेणारा व्यापारी पहिल्याच हंगामात बुडेल. किती कांदे बघितले यापेक्षा ते कोणी निवडले, हा खरा प्रश्न. हजार माणसं चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी निवडली, तर सर्व्हे साधारण तीन टक्के इकडेतिकडे चुकतो. चौपट माणसं विचारली की ती चूक निम्मी होते. माणसं आपणहून चालत आली असतील, तर मात्र लाख मतांनीही ती खोट भरून निघत नाही.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत 1936 साली हा प्रयोग होऊन गेलाय. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांनी मोजून सांगितलं, रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन 57 टक्के मतं घेऊन जिंकणार. निकालात रूझवेल्टना सुमारे 61 टक्के मतं मिळाली आणि 48 पैकी 46 राज्यं त्यांच्याकडे गेली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींवरून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? ज्यांना पत्रं गेली त्यांच्यातही उत्तर धाडलं ते ज्यांना तळमळ होती त्यांनी. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी पन्नास हजारांच्या आसपास माणसं निवडून विचारली आणि रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितलं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. वीस लाखांचं तिथे काही चाललं नाही, आणि आपल्याकडे काही हजार क्लिक म्हणजे जनता?

आता ही जनता सोलापुरात कुठे राहते ते बघू. पोल मराठीत होता. मावशीच्या ओळीतल्या निम्म्या बायका घरात तेलुगू बोलतात. गावाच्या पूर्व भागात फिरा, तेलुगू. अक्कलकोटकडे जा, कन्नड. या बायका विड्या वळतात, त्यांच्या घरची माणसं यंत्रमागावर जातात, आणि यांतलं कोणी रात्री बसून राजकारणावर कमेंट लिहीत नाही. मावशीकडे बटणाचा फोन आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 33 टक्क्यांनी आणि पुरुषांपैकी 57 टक्क्यांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलं होतं. त्यानंतर फोन वाढलेत, मान्य. पण मतदानाचं बघा: 2024 च्या लोकसभेला देशात बायकांचं मतदान 65.78 टक्के, पुरुषांचं 65.55. म्हणजे मतदान केंद्रावर बायका पुरुषांच्या बरोबरीनं, किंबहुना काकणभर जास्त, आणि इंटरनेटवर कितीतरी मागे. मग ऑनलाइनचा आकडा मतपेटीशी जुळेल कसा? जुळला तर तो योगायोग.

जे ऑनलाइन आहेत ते तरी सगळे बोलतात का? अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं 2019 मध्ये ट्विटर तपासलं, तेव्हा 10 टक्के लोकांनी 80 टक्के ट्वीट लिहिलेली निघाली. बाकीचे वाचून पुढे जाणारे. आणि या पोलमध्ये मी स्वतः तीन वेळा मत दिलं, माझ्या फोनवरून, नवऱ्याच्या फोनवरून आणि ऑफिसच्या संगणकावरून. कोणी अडवलं नाही. पुण्यात, दुबईत बसलेला माणूसही देऊ शकतो. मतदार यादीत नाव आहे का, हे विचारायला तिथे कोणीच नाही.

2024 चं मात्र कबूल करावं लागेल. बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशे जागांच्या वर नेलं होतं, काहींनी थेट चारशेपर्यंत, आणि आल्या 293. वाईट चूक होती ती. 2004 मध्येही असंच झालं होतं. ज्या सर्व्हेवाल्यांनी किती लोकांना, कसं निवडून विचारलं आणि खर्च कोणी केला हे सांगितलेलं नाही, त्यांच्यावर मीही विश्वास ठेवत नाही. पण एक वजनकाटा चुकला म्हणून डोळ्यांच्या अंदाजानं सोनं घेत नाही आपण.

लोक सर्व्हेवाल्याला घाबरतात, हेही काही प्रमाणात खरं. दारात वही घेऊन आलेला माणूस सरकारी वाटतो, नाहीतर पक्षाचा. म्हणून तर लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेची माणसं मतदार यादीतून नावं काढून घरी जातात, आणि कोणाला मत देणार हे तोंडी न विचारता नकली मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायला सांगतात. ऑनलाइन मनातलं बोलतात म्हणे! जिथे भाऊ, साहेब, शेजारी आणि पक्षाचा कार्यकर्ता सगळे वाचतात, तिथे माणूस मनातलं लिहितो की शोभेलसं?

उरली ती शेवटची ओळ, आणि मला सगळ्यात जास्त राग तिचाच आहे. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 30 जागा मिळाल्या आणि महायुतीला 17. दोघांच्या मतांत राज्यभरात एका टक्क्याचाही फरक नव्हता. सहा महिन्यांनी विधानसभेला हेच चित्र पार उलटं झालं. अशा राज्यात "निकाल ठरलाय" म्हणून बाईमाणसाला घरी बसवायचं? ज्या पोलनं तिला मोजलंच नाही, त्याचाच दाखला देऊन?

पुन्हा गेले तेव्हाही मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्या मोबाइलवरच्या मतदानात तू मत दिलंस का?" म्हणाली, "मला कुठं येतंय ते?" मग शेजारच्या दोघींचं विचारलं. त्यांनीही नव्हतं दिलं. तिचे हात थांबले. नातवाला हाक मारून म्हणाली, "मग ह्यांनी मोजलं कोणाला रे?"