पायाचं कुरूप ‘पाय विद्रूप करतं म्हणून’ कुरूप नव्हे

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. मला तो चार गटांतून आला, त्यातले दोन घरचेच. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पायाचं कुरूप पाय विद्रूप करतं, म्हणून आयुर्वेदाने त्याला ‘कुरूप’ नाव दिलं, इंग्रजांना ते मक्याच्या दाण्यासारखं दिसलं, म्हणून त्यांनी ‘कॉर्न’ म्हटलं, हाताला घट्टे पडले की स्पर्श मरतो, म्हणून पूर्वजांनी घट्टे हलक्या दर्जाचे मानले, आणि शेवटी, कुरूपाला मूळ असतं, ते ब्लेडने खणून काढलं की पुन्हा येत नाही. पहिल्या तीन गोष्टी शब्दांच्या आहेत, चौथी जिवावरची. चौथीमुळे मी लिहायला बसले.

आधी आयुर्वेद. सुश्रुताने क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, या दुखण्याचं वर्णन केलंय. पायाला खडे टोचून किंवा काटा रुतून बोराएवढी, खिळ्यासारखी कठीण गाठ होते, असं तो सांगतो. पण तिचं नाव तो ‘कदर’ देतो. कुरूप हा शब्द तिथे नाहीच.

मग मराठीत तो आला कुठून? कु आणि रूप अशी फोड करणं सोपं आहे, पण आपली माणसं त्वचेच्या दुखण्यांना नावं कशी ठेवतात ते बघा. चामखीळ म्हणजे चामड्यातली खीळ. केसतूड केसाच्या मुळाशी होतं. नखुरडं नखाशी. भोवरी गोल फिरल्यासारखी दिसते म्हणून भोवरी. जागा, आकार, कारण यांवरून नाव पडतं. ‘दिसायला वाईट’ म्हणून नाव पडल्याचं एक तरी उदाहरण आठवतंय का? त्यात हे दुखणं अनेकदा तळपायाला किंवा बोटांच्या बेचक्यात, जिथे कुणाची नजरही जात नाही. बाई लंगडते ती दुखतं म्हणून. व्याकरणही वेगळं सांगतं: ‘कुरूप मुलगा’मधलं कुरूप विशेषण आहे, आणि ‘पायाला कुरूप झालंय’मधलं सरळ नपुंसकलिंगी नाम.

आता शेजारी बघा. तेलुगूत ‘कुरुपु’ म्हणजे गळू, फोड, व्रण. कन्नडात ‘कुरु’ म्हणजे गळू. मराठीने या दोन्ही भाषांशी शतकानुशतकं देवघेव केली आहे. मला कु-रूपापेक्षा हा धागा कितीतरी जवळचा वाटतो. ऐकू आला असेल दक्षिणेकडचा शब्द, आणि ओळखीच्या संस्कृत शब्दासारखा वाटला म्हणून लिहिताना तसाच लिहिला गेला. भाषेत असं सर्रास घडतं.

मक्याचं तर सरळच आहे. त्वचेचा ‘कॉर्न’ लॅटिनच्या ‘कॉर्नू’वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. कॉर्नू म्हणजे शिंग. धान्याचा ‘कॉर्न’ वेगळ्या घरातला. त्याचा मूळ अर्थ नुसता दाणा, कुठल्याही धान्याचा. त्वचेचा शब्द इंग्रजीत आला तेव्हा युरोपात मका कुणी पाहिलेलाच नव्हता, कारण तो अमेरिकेतला आणि कोलंबस निघाला १४९२ साली. डोळ्याच्या ‘कॉर्निया’तही तेच शिंग आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: लॅटिन कॉर्नू आणि संस्कृत शृङ्ग एकाच प्राचीन मुळातून निघालेत. म्हणजे इंग्रजांच्या पायातला कॉर्न आपल्या बैलाच्या शिंगाचा दूरचा भाऊ लागतो. पदार्थही तोच, केराटिन, ज्याची आपली नखं आणि केस बनतात.

घट्ट्यांबद्दलचं विधान मला व्यक्तिशः लागलं. माझे वडील शिंपी होते. मोठ्या कात्रीच्या कडीने त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी पिवळट, गुळगुळीत घट्टा पडलेला होता, चिंचोक्याएवढा. त्याच हाताच्या बोटांत कापड चुरून ते डोळे मिटून सांगत की यात सूत किती आणि भेसळ किती. घट्टा पडतो तो घासलं जातं तिथेच, बाकीचा हात जिवंत असतो. आणि पूर्वजांचं म्हणाल तर संस्कृतात घट्ट्याला ‘किण’ म्हणतात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तपस्वी दुष्यंताला सांगतात: आश्रमातली कर्मं निर्विघ्न चाललेली पाहशील तेव्हा तुला कळेल, धनुष्याच्या दोरीचा किण मिरवणारा तुझा बाहू किती रक्षण करतो. महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन अज्ञातवासासाठी बृहन्नडा व्हायला निघतो तेव्हा त्याची अडचण हीच, की हातावरचे किण ओळख पटवतील; म्हणून तो ते बांगड्यांखाली झाकायचं ठरवतो. हलकं मानण्याची ही रीत नव्हे. घट्टा ही ओळख होती.

आता ते ब्लेड. कुरूपाला मूळ नसतं. एकाच जागी सतत दाब पडला की त्वचेचा वरचा मृत थर जाड होत जातो आणि त्याचं टोक शंकूसारखं आत रुतू लागतं. ते टोक म्हणजेच लोकांचं ‘मूळ’. त्यात जीव नाही, ते उगवतही नाही. पुन्हा येतं ते चप्पल तीच आणि दाब तोच राहतो म्हणून. शिवाय प्रत्येक कठीण गाठ कुरूप नसते. तळपायाची चामखीळ विषाणूने होते. ती दोन्ही बाजूंनी चिमटल्यावर जास्त दुखते, कुरूप सरळ दाबल्यावर.

आमच्या शेजारच्या काकूंना साखर आहे. त्यांनी हा मजकूर वाचून करंगळीचं कुरूप ब्लेडने खरवडलं. पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे किती खोल गेलं ते कळलंच नाही. मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा लक्षात आलं. पाच आठवडे दिवसाआड ड्रेसिंग चाललं. साखर असलेल्यांनी औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅपही मनाने लावू नये. तिच्यातलं सॅलिसिलिक आम्ल चांगली त्वचाही जाळतं. पाय डॉक्टरांना दाखवायचा, चप्पल पुढून रुंद आणि मऊ घ्यायची. काकूंनी आता तशी घेतली आहे, आणि तो मजकूर ज्या तिघींना पुढे पाठवला होता त्यांना स्वतः फोन केले.