इंजिन हिंदकेसरी, गिअरबॉक्स भंगारातला

तर भावांनो, जुन्या कॉन्टेसा गाडीत टोयोटाचं वनजेझेड टर्बो इंजिन बसवायचं ठरलंय ना तुमचं, अभिनंदन. घरी अजून सांगितलं नसेल तर सांगू नका, आरटीओला तर त्याहून नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वगैरे घाबरट लोकांसाठी असतंय. २०१९ च्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या दर बदलामागं ५ हजार दंड, नाहीतर ६ महिन्यांपर्यंत आत, नाहीतर दोन्ही, असं कायद्यात आलंय म्हणे, पण कोल्हापूरच्या एमएच-०९ ला कोण अडवतंय. आज आपला विषय वेगळा आहे. तुम्हाला ऑटोमॅटिक पाहिजे, कारण महाद्वार रोडला क्लच दाबून दाबून गुडघा गेलाय. बरोबर आहे. फक्त माझं ऐका.

सगळे पैसे इंजिनवर घाला. कट्ट्यावर कधी कुणी विचारलंय का की गिअरबॉक्स कुठला? विचारतात ते "किती हॉर्सपॉवर?" मग २८० म्हणायचं, चहाचा ग्लास हळूच खाली ठेवायचा आणि लांब कुठंतरी बघायचं. मूळच्या इसुझू इंजिनाची पॉवर ९० च्या आत होती हे कुणीतरी काढतंच, म्हणजे तिप्पट झाली की ओ! गिअरबॉक्स काय, उरलेल्या पैशात जो मिळेल तो.

खासबाग मैदानात कुस्तीची जोड लावताना वस्ताद मंडळी वजन बघतात, वय बघतात, गेल्या जत्रेत कुणाबरोबर लढलाय ते बघतात. तुम्ही यातलं काय बी बघू नका. गिअरबॉक्सला तशीही हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. १९९६ नंतरच्या वनजेझेडला, म्हणजे त्याच्या व्हीव्हीटीआय अवताराला, ३७८ न्यूटन मीटर टॉर्क आहे, तो पण २,४०० आरपीएमला, म्हणजे धड रेस पण करावी लागत नाही. वर मधे टॉर्क कन्व्हर्टर नावाचा डबा, जो गाडी उभी असताना पाय पूर्ण दाबला की तेलाच्या जोरावर हाच टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढं ढकलतो. करा हिशोब, सातशेच्या वर गेलं. आणि तुम्ही आणलेला बॉक्स दोन लिटरच्या साध्या पेट्रोल सेडानचा, बिचाऱ्यानं जन्मात दोनशेचं तोंड बघितलेलं नाही. टोयोटाच्याच ए३४० घराण्यातला चार गिअरचा बॉक्स जेझेड इंजिनांच्या मागं कंपनीतनंच जोडून यायचा, बोल्ट टू बोल्ट बसतो, पण तो घेतला तर तुमच्यात आणि शोरूममधनं गाडी घेणाऱ्यात फरक काय राहिला?

आता इंजिनाची आणि बॉक्सची भोकं जुळणार नाहीत. जुळवायला आपलं उद्यमनगर आहे की. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग कुठं कुठं जातंय, मग आपल्याला एक अडॅप्टर प्लेट जड आहे का. मात्र लेथवाला "थांबा, डायल गेज लावून सेंटर बघू" म्हणाला की त्याला तिथंच गप्प करा. सेंटर जरा सरकलं तर फ्लेक्सप्लेटला, म्हणजे इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या चकतीला, तडा जातो आणि बॉक्समधल्या तेलपंपाचा बुश एका बाजूनं खातो, पण ते नंतर. नंतरचं आत्ता कोण बघतंय.

कन्व्हर्टर बसवायची माझी खास पद्धत सांगतो. तो बॉक्समधे फिरवत फिरवत आत सारला की दोन-तीनदा खट् करून खाली बसतो, पहिल्यांदा शाफ्टचे दाते धरतात आणि शेवटी पंपाच्या खाचा. तुम्ही पहिल्या खट्‌लाच टाळी द्या. मग इंजिन आणि बेलहाउसिंगमधे बोटभर फट राहते, शहाणा माणूस इथं काम थांबवून कन्व्हर्टर परत बाहेर काढतो, पण आपण कोल्हापूरचे, पान्याला पाईप घालायचा आणि बोल्ट ओढत जायचं, बसतंय की. आतनं कड्‌ असा आवाज आला तर घाबरू नका, तो पंप होता.

थ्रॉटलपासनं बॉक्सकडं एक केबल जाते, ती ढिली ठेवा. मनापासनं सांगतोय. केबल ढिली म्हणजे बॉक्सला वाटतं साहेब निवांत चाललेत, मग तो आतलं तेलाचं प्रेशर कमी ठेवतो आणि गिअर असे पडतात की मांडीवरची मिसळीची प्लेट हलत नाही, शेजारी बसलेला म्हणतो काय स्मूथ आहे मर्दा! ते स्मूथ म्हणजे आतल्या क्लच प्लेटा एकमेकींना धड धरत नाहीयेत, घासतायत, जळतायत. पण प्रवास लोण्यासारखा.

(डिझेलवाल्यांसाठी जाता जाता : पेट्रोलचा जुना बॉक्स जसाच्या तसा लावा. तो फुल थ्रॉटलला साडेपाच-सहा हजार आरपीएमची वाट बघत बसणार, तुमचं इंजिन साडेचार हजारालाच दमणार, गिअर काय पडायचा नाही. तेवढंच आयुष्य वाढलं बॉक्सचं.)

कूलर लावू नका. बॉक्समधलं तेल ८०-९० अंशाला सुखात असतं आणि १२० च्या पुढं करपायला लागतं, म्हणून लोक पुढं जाळीमागं वेगळा कूलर लावतात. आपण जुन्या गाडीतनं काढलेल्या रेडिएटरच्याच पोटातल्या नळीवर भागवायचं. ती नळी आतल्या आत फुटली तर आणखीच मजा. ऑटोमॅटिकचं तेल नवं असताना लालभडक असतंय, अगदी तांबडा रस्सा. त्यात कूलंट मिसळलं की दुधाळ गुलाबी होतं, म्हणजे पांढरा रस्सा पण घरातच, बाहेर जेवायला जायला नको. आणि लेव्हल बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून. कन्व्हर्टरमधलं तेल तेव्हा खाली पॅनमधे उतरलेलं असतं त्यामुळं काडीवर भरपूर दिसतं, मनाला बरं वाटतं. गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर पार्कला टाकून बघितलं तर उगाच तेल कमी आहे असं कळतं आणि खर्च वाढतो.

रील पण झाली पाहिजे. रंकाळ्याच्या कडेला संध्याकाळी डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं रेस, टर्बो ओरडतोय, पोरं मोबाईल घेऊन गोळा. ह्याला स्टॉल टेस्ट म्हणतात आणि पाच सेकंदाच्या वर करू नये म्हणतात, कारण इंजिनाची सगळी ताकद त्या वेळी फक्त तेल तापवायला जाते. पाच सेकंदात कुठली रील होते? तीस तरी पाहिजेत.

ट्रायल पन्हाळ्याला घ्या. मी तिथंच घेतली होती. वाघबीळच्या चढाला दुसऱ्यातनं तिसरा पडला, म्हणजे पडल्यासारखं वाटलं, काटा सहा हजाराला गेला आणि गाडी मात्र चालत्या माणसाच्या वेगानं, मग तेवढी पण नाही. डब्यात भाजलेल्या शेंगा करपाव्या तसा वास. मागं हॉर्नचा नुसता कल्ला. ऊस भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर फट फट करत शेजारनं वर गेला, ओव्हरटेक म्हणतात त्याला. त्याच्यावरचं पोरगं माझ्याकडं बघत होतं, टर्बोचा आवाज आवडला असावा.

अर्ध्या तासानं वरनं एक रिकामा ट्रॅक्टर आला, त्याला हात केला. टोचन करूया म्हणाला, दोर त्याचाच.

"किती पॉवरची हाय गाडी?"

"२८०."

"आमचा पंचेचाळीसचा हाय," एवढंच बोलला आणि गाठ मारली.

लिव्हर न्यूट्रलला टाकून, चारी चाकं जमिनीवर, पंधरा-एक किलोमीटर ओढत उद्यमनगरपर्यंत. मिस्त्रीनं पहिलंच विचारलं, "प्रोपेलर शाफ्ट काढूनच वडली न्हवं?" मी म्हटलं म्हणजे? मग त्यानं सांगितलं, इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही, आणि मागची चाकं त्या शाफ्टातनं आतली गिअरं मात्र फिरवत राहतात, कोरडीच. म्हणजे घाटात जे वाचलं होतं ते मी पन्हाळा रोडला संपवून आणलं.

पॅन सोडला. तळाला काळा लगदा, मधे चमचम करणारे कण. मिस्त्रीनं त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, नाकाजवळ नेलं, काही बोलला नाही. पोऱ्याला म्हणाला दोन चहा सांग. मग बोट पुसत पुसत, "रस्सा करपला की ओ मालक."

इंजिन मात्र एकदम ओके आहे. गाडी गेल्या दिवाळीपासनं ताडपत्रीखाली आहे, पण कट्ट्यावर कुणी विचारलं तर मी अजून २८० च सांगतोय.