उंदीर टांगण्याचा तो फॉरवर्ड, नीट वाचून दिलेलं उत्तर

आमच्या वाडीच्या ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, काल मिरकरवाड्याच्या काकांनी मलापण पाठवला. म्हणणं असं की अंतराळ संशोधनाच्या नावाखाली उंदीर शेपटीने उलटे टांगतात, पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण बंद होतच नाही म्हणजे सगळं थोतांड, आणि माणसाला याचा काडीचा उपयोग नाही.

पहिलं, उलटे टांगत नाहीत. शेपटीला पट्टी लावून फक्त मागचा भाग उचलतात, अंग साधारण 30 अंश कलतं आणि पुढचे पंजे जमिनीवरच असतात, वरची तार फिरती असते त्यामुळे उंदीर पिंजराभर फिरतो, स्वतः खातो पितो. शेपटीचं टोक उघडं ठेवतात आणि ते गुलाबी आहे ना हे रोज बघतात, कारण पट्टी आवळली तर रक्त थांबतं. त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही, सुरवातीला ताण येतोच, म्हणून तर आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदा आहे आणि असे प्रयोग तपासणाऱ्या एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय असं काही करता येत नाही.

आता गुरुत्वाकर्षण. ते बंद होत नाही हे खरंच आहे, पण 400 किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकातही ते जमिनीच्या जवळपास 90 टक्के असतं! तिथे तरंगतात कारण स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात. काका, लाटेच्या माथ्यावरून होडी खाली जाते तेव्हा पोटात जो गोळा येतो ना, तोच, फक्त न संपणारा. असं तरंगत राहिलं की हाडं आणि स्नायू झिजतात, तेच अभ्यासायचं असतं. मुद्दाम वर चढवून खाली झेपावणाऱ्या विमानात तो गोळा फार तर 20-25 सेकंद मिळतो आणि तेवढ्यात हाड झिजत नाही, त्याला आठवडे लागतात. म्हणून 1970 च्या दशकात नासाच्या एमिली मोरे-होल्टन यांनी ही उंदीर कलता ठेवण्याची पद्धत बसवली, अंतराळात होतं तसं मागच्या पायांवरचा भार काढायचा आणि अंगातलं पाणी डोक्याकडे सरकू द्यायचं, बास. त्याच दशकात सोव्हिएत कॉसमॉस यानांतून उंदीर खरेच वर जाऊन आले, त्यांच्याशी ताडून बघता आलं, पोटरीतला उभं राहायचा स्नायू वर गेलेल्या आणि इथे टांगलेल्या, दोन्ही उंदरांत झडलेला. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र इथे वजन जाणवतच राहतं, त्यामुळे चक्कर आणि तोल यांच्या प्रश्नाला ही पद्धत चालत नाही, आणि चालते असा दावाही नाही.

उपयोगाचं म्हणाल तर अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्के उणावतं. माझ्या आजीचा खुबा मोडला तेव्हा ती तीन महिने माजघरातल्या खाटेवर होती. रोज संध्याकाळी तिच्या पोटरीला तेल लावायचे मी, आणि एक दिवस माझा अंगठा आणि मधलं बोट पोटरीमागे एकमेकांना टेकले. भार गेला की स्नायू आणि हाड का झडतं, कुठल्या औषधाने वा व्यायामाने ते थांबतं, हेच त्या पिंजऱ्यात शोधतात.