परदेशवारीचं कॅलेंडर देशावर बेतलं की फसतं

सुट्ट्यांचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. कोणत्या देशात कोणत्या महिन्यात जावं, याची यादी. ती म्हणते: युरोप मे महिन्यात, कारण ट्यूलिप, बर्फ आणि ऊन एकाच फेरीत मिळतं. थायलंड आणि बाली नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जपान फक्त चेरीच्या फुलांसाठी, एप्रिलात. नॉर्वे जूनमध्ये, मध्यरात्रीचा सूर्य आणि नॉर्दर्न लाइट्स (रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) दोन्ही बघायला. पावसाळा चालू असेल तिथे पाऊलही टाकू नये. आणि शेवटी, ऑफ-सीझनला गेलात तर तीच सहल निम्म्या पैशात.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण या यादीवर भरवसा ठेवून आमची एक अख्खी दिवाळीची सुट्टी वाया गेली आहे. शिवाय निवृत्तीच्या पैशांतून आयुष्यातली एकच परदेशवारी करणारी माणसंही ती वाचून तिकिटं काढतात, हे मी पाहतेय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

थायलंडपासून सुरुवात, कारण पोळले तिथेच. नोव्हेंबर म्हणजे सीझन, असं टूरवाल्यानेही सांगितलं होतं. आम्ही को सामुई हे बेट निवडलं. पाचपैकी चार दिवस पाऊस, किनाऱ्यावर लाल बावटे, बोटी बंद. मुलं हॉटेलच्या काचेला नाक लावून समुद्र बघत बसली. नोव्हेंबर हाच इथला सगळ्यात जास्त पावसाचा महिना, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं.

कारण साधं आहे. जे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणाला झोडपतात, तेच मे ते ऑक्टोबर फुकेत आणि क्राबीला भिजवतात. ती अंदमान समुद्राची बाजू. सामुई पलीकडे, थायलंडच्या आखातात आहे. तिथे मोठा पाऊस येतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, चेन्नईला येतो तसा. फुकेतला रत्नागिरी म्हटलं, तर सामुई म्हणजे चेन्नई. रत्नागिरीचं आभाळ बघून चेन्नईचा बेत कुणी आखतं का? श्रीलंकेत तर हे एकाच बेटावर घडतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गॉल-बेंटोटाकडचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीचा शांत असतो. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलट.

बालीला थायलंडच्या ओळीत बसवणं ही तर सरळ चूक आहे. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, ८ अंशांवर. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च आणि जानेवारीत तो ऐन भरात असतो. कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर. आपली लग्नसराई नेमकी त्या पावसातच येते. ओळखीतलं एखादं जोडपं जानेवारीत बालीला निघालं की मला राहवत नाही, मी फोन करून सांगतेच.

‘पावसाळ्यात जाऊच नये’ हा नियम मला सगळ्यात जास्त खटकतो. आपल्या डोक्यात पाऊस म्हणजे कोकणातली झड, चार-चार दिवस न उघडणारी. बँकॉकला जून-जुलैत बहुतेक वेळा दुपारी-संध्याकाळी एक जोरदार सर येते आणि पुन्हा उघडतं. तिथला खरा त्रासाचा महिना एप्रिल, उकाड्याचा. मालदीवच्या हनिफारू खाडीत मांटा रे मासे थव्याने जमतात तेही नैर्ऋत्य वाऱ्यांच्या दिवसांतच, साधारण जून ते नोव्हेंबर. म्हणजे ज्यांना पाण्यात उतरून ते बघायचेत, त्यांचा सीझन यादीतल्या ‘नको’च्या महिन्यांत आहे.

आपल्याला बाहेरच्या कुणी विचारलं, ‘महाराष्ट्रात कधी यावं?’, तर काय सांगाल? भंडारदऱ्याचे काजवे मे अखेर ते जून, कासची फुलं सप्टेंबरात, हापूस एप्रिल-मे. ताडोबात वाघ दिसायची शक्यता भर उन्हाळ्यात जास्त, आणि जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल बंद. एका राज्याला एक महिना नेमून देता येत नाही, मग अख्ख्या युरोपला कसा देता येईल?

आता तो मे महिना. हॉलंडची प्रसिद्ध ट्यूलिप बाग, कोकेनहोफ, मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वर्षभरासाठी बंद होते. राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी लागते मेच्या सुरुवातीला. हाताशी उरतात मोजके दिवस. २० मेची सहल ट्यूलिपच्या नावाने कुणी विकत असेल तर ती घेऊ नका. स्वित्झर्लंडमध्ये फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे दोन हजार मीटरहून उंच घाटरस्ते बर्फामुळे बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जूनमध्येच उघडतात. काही रोपवेही वसंतात देखभालीसाठी बंद असतात. उलट बर्फासाठी मेची गरजच नाही, ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोखला तो बारा महिने मिळतो.

मेची चांगली बाजूही सांगायला हवी. बर्फ वितळू लागल्याने स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन दरीतले धबधबे तेव्हा भरभरून कोसळतात, आणि दिवस लांब. पण शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अपॉइंटमेंटसाठी आपली झुंबड उडते ती याच हंगामात. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसही लागू शकतात.

ज्यांना शाळेचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. घाट उघडे, भूमध्य समुद्र अजून कोमट, उन्हाळी गर्दी ओसरलेली. जुलै-ऑगस्टात दक्षिण युरोपात वयस्कर माणसांना नेऊ नये. जुलै २०२३ मध्ये उष्णतेमुळे अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरची प्राचीन मंदिरं, भर दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं होतं.

नॉर्वेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात २० मेच्या सुमारापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि नॉर्दर्न लाइट्सना अंधार लागतो. दोन्ही एका फेरीत दिसणं शक्य नाही. नॉर्दर्न लाइट्ससाठी सप्टेंबर ते मार्च.

जपानात टोकियो-क्योतोचा चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचा, जेमतेम आठ-दहा दिवसांचा. २० एप्रिलला पोचलात तर तिथे हिरवी पानंच दिसतील. क्योतोचे लाल मेपल बघायला नोव्हेंबर तितकाच सुंदर असतो.

ऑफ-सीझनला पैसे वाचतात हे खरं, पण सहल ‘तीच’ राहत नाही. जूनमध्ये दुबई स्वस्त मिळते, पण पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि ग्लोबल व्हिलेजची जत्रा बंद. हिवाळ्यात ग्रीसच्या छोट्या बेटांवर कित्येक हॉटेलं कुलूपबंद असतात, बोटींच्या फेऱ्याही कमी होतात. मॉलमध्येच फिरायचं असेल तर जूनची दुबई जरूर घ्या. मात्र काय बंद आहे ते पैसे भरण्याआधी विचारा.

आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांना मेशिवाय पर्याय नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी मे खरोखर चांगला असलेल्या जागा आहेत: बाली, त्रिंकोमाली, मॉरिशस. जपानही, पण ७ मे नंतर. २९ एप्रिल ते ५ मे तिथला गोल्डन वीक, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांचा आठवडा असतो, गाड्या आणि हॉटेलं भरलेली. तो आठवडा सरला की जूनमधला पाऊस सुरू होईपर्यंत हवा छान असते.

येत्या मेमध्ये आम्ही मुलांना घेऊन बालीला जातोय. आईला स्वित्झर्लंड दाखवायचं आहे, ते मात्र सप्टेंबरसाठी ठेवलंय. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे तिची कागदपत्रं फेब्रुवारीतच जुळवायला घेणार आहे.