फलाट किती मिनिटांत रिकामा होतो?

आमच्या ठाण्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधूनमधून नव्या स्थानकांची चित्रं येतात. काचेचं छत, कुंड्यांतली झाडं, मोकळाढाकळा फलाट. मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून दादा तिथल्या एका मोठ्या स्थानकाचं नाव घेऊन लिहितो, "आता तुझ्या युट्रेख्टसारखं होणार बघ." काकांचं म्हणणं, "विमानतळासारखं." ऑगस्ट २०२३ मध्ये रेल्वे स्थानकांच्या नूतनीकरणाच्या अमृत भारत योजनेत एकाच दिवशी ५०८ स्थानकांची पायाभरणी झाली, तेव्हापासून घरात हा वाद आहे. वहिनी म्हणते, इमारती नकोत, आधी गाड्या वाढवा. दादा म्हणतो, आपण काय जन्मभर घाणीतच उभं राहायचं? मला दोघांचंही पटतं. पण जिन्याबद्दल कुणीच बोलत नाही, आणि माझ्या मते स्थानक तिथेच घडतं किंवा बिघडतं.

हिशोब साधा आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियोजनात असं धरतात की दोन्ही दिशांनी वर्दळ असलेल्या जिन्यावरून, रुंदीच्या दर मीटरमागे, मिनिटाला २८ माणसं जातात. म्हणजे तीन मीटर रुंद जिन्यावरून मिनिटाला ८४. आता समजा, सकाळच्या लोकलमधून एका स्थानकावर हजार माणसं उतरली आणि जिने दोनच आहेत. फलाट रिकामा व्हायला सहा मिनिटं लागतील. पुढची लोकल तीन-चार मिनिटांतच येते. पहिले लोक जिन्यापाशी असतानाच दुसरे उतरतात, त्यांच्या मागे तिसरे. यात बेशिस्त कुणाचीच नसते, फक्त जिना पुरत नसतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर हेच झालं. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थबकले, खालून गाड्यांमधून उतरलेले येतच राहिले, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या दिवशी मी इथे ऑफिसात बसून फोनवर एकेकाची खुशाली विचारत होते. पुढे लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल बांधून दिला. याचा अर्थ, पूल बांधणं अशक्य कधीच नव्हतं.

युट्रेख्टला मी रोज गाडी बदलते. तिथलं लाटांसारखं छत सगळ्यांच्या फोटोंत असतं. मला मात्र वेगळीच गोष्ट आधी जाणवली: गाडीतून उतरल्यावर मला थांबावं लागत नाही. वर जायला जिने आणि सरकते जिने पुरेसे आहेत, आणि कुठला फलाट कुठे हे मान वर केली की कळतं. डच रेल्वेत प्रवाशांच्या गरजांचा एक पिरॅमिड मानतात. तळाला सुरक्षितता आणि भरवसा, त्यावर वेग, मग सोपेपणा, मग आराम, आणि अगदी टोकाला प्रसन्न वाटणं. तळ पक्का नसेल तर टोकावरचा खर्च वाया जातो, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या चित्रांत मला टोक दिसतं, तळ दिसत नाही.

इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. अख्ख्या नेदरलँड्सच्या रेल्वेने दिवसाला साधारण दहा-बारा लाख प्रवास होतात. कोविडआधी एकट्या मुंबईच्या लोकलने ७५ लाख होत. इथलं स्वच्छतागृह पैसे टाकल्याशिवाय बहुधा उघडत नाही. लहान स्थानकांवर माणूसच नसतो. आई आली होती तेव्हा एका छोट्या स्थानकावरची लिफ्ट बंद होती. तिचे गुडघे दुखरे, समोर तीसेक पायऱ्या, आणि विचारायला एक यंत्र. ठाण्यात दोन पोरांनी तिला धरून वर नेलं असतं, याबद्दल मला शंका नाही. पण स्थानकाचा आराखडा पोरांच्या चांगुलपणाच्या भरवशावर आखता येत नाही.

विमानतळाची उपमाही मला खटकते. भोपाळच्या राणी कमलापती स्थानकात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे केले आहेत. लांबच्या गाडीसाठी बॅगा, मुलंबाळं घेऊन दोन तास आधी येणाऱ्या कुटुंबाला त्याचा आणि चांगल्या प्रतीक्षालयाचा खरोखर उपयोग आहे. डोंबिवलीच्या बाईला प्रतीक्षालय नको असतं. तिला ८:१७ पकडायची असते आणि संध्याकाळी चार मिनिटांत रिक्षाच्या रांगेत पोहोचायचं असतं. विमानतळ माणसाला थांबवून ठेवतो. लोकलच्या स्थानकाने त्याला वाटेला लावायचं असतं.

म्हणून मला मे २०२४ च्या अखेरचा ठाण्याचा ६३ तासांचा ब्लॉक फार महत्त्वाचा वाटतो. रूळ सरकवून पाच-सहा नंबरचा फलाट दोन-तीन मीटर रुंद केला. तेव्हा ग्रुपवर फक्त वैताग होता, आणि तो रास्तच होता, कारण दादाला दोन दिवस घरी बसावं लागलं. पण दादा, ते दोन-तीन मीटर कुठल्याही काचेच्या छतापेक्षा मोलाचे आहेत. तसंच दादरचं. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले आणि एकाच नंबरचे दोन फलाट असण्याचा घोळ संपला. त्यासाठी काही पाडावं लागलं नाही, फक्त पाट्या बदलल्या.

आपल्या स्थानकाचा आराखडा लोकांसमोर मांडतील तेव्हा चित्राच्या बाजूला तीन आकडे लिहायला लावा: सकाळी नऊ वाजता एका गाडीतून किती माणसं उतरतात, सगळ्या जिन्यांची मिळून रुंदी किती, आणि फलाट रिकामा व्हायला किती मिनिटं लागतात. तिसरा आकडा दोन गाड्यांमधल्या वेळेपेक्षा मोठा असेल, तर तो आराखडा परत पाठवा. दादा, तू जाणार असशील तर वहिनीलाही घेऊन जा. गर्दीच्या वेळी तो जिना रोज तीच चढते.