हौसेला मोल नसतं, एमआरपी असते

निवृत्त माणसाला फुकट सल्ले फार मिळतात. मॉर्निंग वॉकला जा, हास्यक्लबात ये, ज्येष्ठ नागरिक संघाचं खजिनदारपद घे. (बँकवाला म्हटलं की खजिनदारपद चुकत नाही, मग तो संघ असो, गणेशमंडळ असो की सोसायटी.) मी हे सगळं टाळलं आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका पेनांच्या दुकानात अर्धवेळ नोकरी धरली. दुपारी चार ते रात्री आठ. एक ते चार दुकान बंद असतं. त्यावरचे विनोद आम्हाला तोंडपाठ आहेत, नवीन असेल तरच सांगा.

शाईच्या पेनांचं वेड जुनं. आमच्या वेळी पाचवीत गेलं की पेन्सिल सुटायची आणि शाईचं पेन हातात यायचं. मुंजीपेक्षा मोठा संस्कार होता तो, कारण मुंजीत फक्त डोकं खराब होतं, इथे शर्टाचा खिसा, दप्तर आणि शेजारच्या मुलाची वही. पुढे बँकेत सगळे बॉलपेनवर गेले तरी मी खिशाला शाईचं पेन लावूनच हिंडलो. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी या दुकानात जाऊन काउंटरवर कोपर टेकून उभा राहायचो. शेवटी मालकच म्हणाला, "काका, नाहीतरी तुम्ही रोज दोन तास इथे असता. तेच जरा या बाजूला उभे राहा, मी पगार देतो." मालक माझ्या मुलाच्या वयाचा आहे. तो मला काका म्हणतो, मी त्याला मालक म्हणतो. त्यामुळे नेमकं कोण कोणाचं ऐकायचं, हे अजून ठरलेलं नाही.

घरी बातमी सांगितली. सौ. म्हणाली, "म्हणजे आता उंदरालाच भाताच्या कणगीवर राखण बसवलंय म्हणायचं." आणि विषय संपवला.

काउंटरची ती बाजू आणि ही बाजू यांत अंतर हातभर. पण त्या बाजूला मी चोखंदळ गिऱ्हाईक होतो, या बाजूला धंद्याच्या मुळावर आलेला माणूस ठरलो. त्याचं कारण असं, की हौशी माणसाकडे पेनं पंचवीस असतील तर मतं अडीचशे असतात, आणि मत असलेल्या माणसाच्या हातून काही विकलं जात नाही.

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. जावयाला दिवाळसणाला पेन द्यायचं होतं, सोनेरी क्लिपचं, मखमली डबीतलं, सहा हजारांचं. मी सहज विचारलं, "जावईबापू लिहितात का?" "छे हो, सगळं लॅपटॉपवर." मग मी त्यांना समजावलं की पेन वापरात नसेल तर शाई आतच सुकते, नीब आणि तिला शाई पुरवणारी खालची जीभ दोन्ही चोंदतात, आणि सहा हजारांचं पेन डबीत पडून राहिलं तर आहेरातली डबीच तेवढी कामाची. गृहस्थांना पटलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "इतकं प्रामाणिक दुकान पुण्यात दुसरं नाही." आणि दहा रुपयांची रिफिल घेऊन गेले. मालक मागे उभा होता. काही बोलला नाही, फक्त मखमली डबी मिटून परत कपाटात ठेवली. जरा जोरात ठेवली.

मग एक आई मुलाला घेऊन आली. "याचं अक्षर सुधारेल असं पेन दाखवा." असं पेन असतं तर मी डॉक्टरांच्या संघटनेला घाऊक विकलं असतं. पेनाने अक्षर सुधारत नाही, कित्ता गिरवून सुधारतं. फार तर बारीक नीब घ्यावी, म्हणजे जोडाक्षरांची पोटं बुजत नाहीत, आणि तीही जपानी, कारण जपानी 'फाइन' ही युरोपीय 'फाइन'हून बारीक असते. हे सगळं मी सांगेपर्यंत चिरंजीवांनी नमुन्याच्या दौतीत तर्जनी बुडवून काचेवर स्वतःचं नाव लिहिलं होतं. अक्षर चांगलं होतं. मी तसं सांगितलं. आई पेन न घेताच गेली.

काउंटरवर माझ्याशेजारी एक बावीस वर्षांचा मुलगा असतो. त्याला पिस्टन आणि कन्व्हर्टर या शाई भरायच्या दोन तऱ्हांतला फरक ठाऊक नाही, स्वतः तो मोबाइलवरच लिहितो. पण गिऱ्हाईक आलं की एकच वाक्य : "सर, हे घ्या, हे खूप चाललंय." आणि सर घेतात! चाळीस वर्षांच्या व्यासंगापुढे हे सहा शब्द. मी एकदा करून पाहिलं. "हे घ्या, हे खूप चाललंय," म्हणालो आणि पुढे जीभ आवरेना : "अर्थात, चाललंय म्हणजे चांगलं आहे असं नाही."

कॉलेजची मुलं मात्र माझी खास. ती येतात ती शाईच्या छटा बघायला. एकाला दोन हजारांच्या आसपासची जपानी शाईच हवी होती. मी विचारलं, कॅमल का नको? म्हणे, जपानीच पाहिजे. मग त्याला सांगितलं, की दांडेकरांनी 1931 साली गिरगावात 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड नि गोळ्या करायला सुरुवात केली, घोड्याचा पुढे उंट झाला, आणि 2011 मध्ये त्या कंपनीतला मोठा वाटा जपानच्या कोकुयोने घेतला. तेव्हा बाळा, कॅमल ही जपानी शाईच झाली की, आणि तीही दोन वडापावांच्या पैशांत. पोरगं खूश. दोन दौती घेतल्या, वर मित्रांना घेऊन आलं. मित्रांनीही कॅमलच घेतली. मालकाने त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, तुम्ही दुकानात बसलाय की दुकानावर?"

या नोकरीत मला खरं काही मिळालं असेल तर ते म्हणजे चाचणीचं पॅड. नवं पेन हातात आलं की माणूस काय लिहितो, हे बघावं. जुनी माणसं आधी 'श्री' काढतात. पेनांचे वेडे आडवा आठ गिरवत बसतात, शाई अडखळते का ते बघायला. बाकी समस्त पुणे स्वतःची सही करतं. एकाखाली एक, झोकात, रेघ मारून, खाली दोन टिंबं देऊन. पहिल्या दिवशी ते पान बघून माझ्या पोटात गोळाच आला. उभा जन्म चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेलेला, आणि इथे शे-दीडशे खातेदारांच्या नमुना सह्या उघड्यावर! तेव्हापासून दुकान बंद होताना मी ती पानं काढतो, बारीक तुकडे करतो आणि दोन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकतो. तो मुलगा मला गुप्तहेर समजतो. समजू दे.

पगाराचं म्हणाल, तर नोकराला खरेदीवर सवलत आहे, आणि तिथेच घोळ आहे. नवा माल आला की खोकी मीच उघडतो. एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, हातकातीव पेन खोक्यातून निघालं, टोपण उघडल्यावर तो रबर-गंधकाचा वास आला, की ते पेन शोकेसपर्यंत पोचत नाही. महिनाअखेरीला माझ्या सहकाऱ्याला पाकीट मिळतं, मला बिल मिळतं. सौ. हिशेब मागत नाही, फक्त "या महिन्यात किती भरायचे?" विचारते.

शेवटी मालकाने तोडगा काढला. मला काउंटरवरून उठवून आतल्या टेबलाशी बसवलं. भिंग, पितळेची पातळ पट्टी, कोमट पाण्याचा वाडगा, फडकी. बाहेर पाटी लागली, 'जुनी पेनं दुरुस्त करून मिळतील.' आणि काय सांगू, लोक घराघरांतले खण उपसून यायला लागले. कोणी फाउंटन पेनात ड्रॉइंगची शाई भरून नीब सिमेंटसारखी घट्ट केलेली. कोणाचं ड्रॉपरचं पेन विमानात ओकलेलं. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा शाईला ढकलते, म्हणून पेन काठोकाठ भरून न्यावं नाहीतर नीब वर करून ठेवावं, हे मी ज्याला त्याला सांगतो. एक आजोबा वडिलांचं पेन घेऊन आले. वाडग्यात टाकल्याबरोबर आतून निळी रेघ सुटली आणि पाणी हळूहळू आभाळी झालं. आजोबा म्हणाले, "ही बाबांची शाई. ओतू नका." पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. पेन विसरले, ते दुसऱ्या दिवशी नेलं.

दुरुस्तीचे मी पन्नास रुपये घेतो, काम काहीच नसेल तर तेही नाही. मालक यावरही चिडेल असं वाटलं होतं. पण परवा तो स्वतः चहाचा कप घेऊन आत आला. बाहेर दुरुस्तीसाठी चार-पाच माणसं थांबली होती. मी आत नीब सरळ करेपर्यंत ती शोकेसपाशी रेंगाळत होती, आणि आमचा मुलगा त्यांना एकेक करून सांगत होता, "सर, हे घ्या, हे खूप चाललंय."

मालकाने कप माझ्यापुढे ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, घाई काही नाही. जरा सावकाश दुरुस्त करत चला."